आधी चार प्रश्न

"काका, सर्चच्या पहिल्या पानाचा जमाना गेला," मार्केटिंगवाला म्हणाला. "यादी वाचतो कोण आता? लोक फोनलाच विचारतात, जवळचा चावीवाला कोण. फोन एकच नाव सांगतो. ते तुमचं असायला हवं."

चावीवाल्यानं कानशीवरची नजर काढली नाही. चाळीस वर्षं कुलपं उघडून त्याला एक कळलं होतं. ज्याला दार उघडायची फार घाई असते, ते दार त्याचं असतंच असं नाही.

"आणि आत्ता कुणाचं सांगतो?"

"कुणाचंही. तुमचं नाही. तुमच्या पानावरचा नंबर कुणी उचलतच नाही ना."

तो नंबर बायकोचा होता. दुकानाचं इंटरनेटवरचं ते पान तिनंच बनवलं होतं आणि फोनही तीच घ्यायची; आधी चार प्रश्न विचारून खात्री झाली, तरच त्याला कामावर पाठवायची. ती जाऊन पाच महिने झाले. फोन बंद होऊन कपाटात पडला होता. नंबर बदलायचं कुणाच्या हातून झालं नव्हतं.

या मार्केटिंगवाल्याला मुलीनं आणलं होतं. "बाबा, ऐका तरी. आठवड्याला दोन गिऱ्हाइकं येतात. अशानं दुकान बंद करावं लागेल."

"शिवाय हे बघा." मार्केटिंगवाल्यानं स्क्रीन पुढे केली. पाचातला एक तारा आणि खाली कुणाचा तरी राग: 'मी बाहेर ताटकळतेय आणि बाई विचारतात, दारामागे काय टांगलंय, शेजारी कोण राहतं. आम्ही काय चोर?'

"असे सतरा आहेत, काका. प्रश्न विचारले की गिऱ्हाईक पळतं. आमच्याकडे दोन सेकंदांत फोन उचलतात, पत्ता घेतात, तुम्हाला पाठवतात. बास."

"मडकंसुद्धा वाजवून घेतात लोक," चावीवाला म्हणाला. "आणि हे न विचारता दारं उघडणार."

मुलगी हसली नाही. "आईचं आईबरोबर गेलं, बाबा."

ते त्याला लागलं. कानस खाली ठेवत तो म्हणाला, "करा काय करायचं ते."

मार्केटिंगवाला खोटं बोलला नव्हता. दुसऱ्याच दिवशी चार कामं आली, तिसऱ्या दिवशी सहा. मुलगी खूश झाली. चावीवाल्याच्या मनात मात्र प्रत्येक दाराशी शंकेची पाल चुकचुकायची. दार उघडलं की तो गिऱ्हाइकाच्या पायांकडे बघत राहायचा. घरचा माणूस न बघता चपला काढतो. उलट कुणी आत जाऊन इकडेतिकडे बघू लागलं, की याला दुपारचं जेवण जायचं नाही.

पाचव्या दिवशी मेसेज आला. तिसरा मजला, किल्ली हरवली, तातडीचं.

दाराशी चाळिशीचा एक माणूस उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. "या या. जरा लवकर करा हं."

चावीवाल्यानं पेटी उघडली, कुलूप उघडायचा आकडा हातात घेतला आणि थांबला.

"आत गेल्यावर पहिलं काय दिसतं, साहेब?"

"म्हणजे?"

"दारामागे काय आहे?"

"घर आहे, दुसरं काय! तुमच्या कंपनीला सगळं सांगितलंय मी."

"शेजारी कोण राहतं?"

गोडवा उतरला. "तुम्ही चावीवाले की पोलीस? उघडायचं तर उघडा, नाहीतर दुसऱ्याला बोलावतो."

चावीवाला कुलपाशी वाकला. भोकातून उजेड येत नव्हता. आतल्या बाजूनं किल्ली लावलेली होती. त्यानं कान आणखी जवळ नेला, तेव्हा पलीकडून बाईचा आवाज आला, अगदी हळू. "काका, उघडू नका."

त्यानं आकडा पेटीत ठेवला.

"नाही उघडत का?"

"मी उघडत नाही."

"मग चालते व्हा."

तो गेला नाही. पेटी मांडीवर घेऊन दाराला पाठ लावून तिथंच फरशीवर बसला आणि मुलीला फोन लावला. "पोलिसांना या पत्त्यावर पाठव. आणि त्या मार्केटिंगवाल्याला सांग, पानावर माझा नंबर टाक. फोन मी घेईन."

"बाबा, झालं काय? पुन्हा गिऱ्हाइकं जातील."

"जाऊ देत."

माणूस त्याच्यासमोर उभा राहून ओरडत होता, मध्येच जिन्याकडे बघत होता. काही वेळानं त्याच्या बुटांचा आवाज एकेक मजला खाली उतरत गेला.

चावीवाला उठला नाही. दाराच्या पलीकडे, त्याच्या पाठीशी, कुणीतरी हळूच टेकून खाली बसलं.