जिवनबाईच्या हातचा चुडा

“वैनी, ऊन चढून राहिलं. बांधा आता पेटी,” समोरच्या पालातून ग्यानबा कासार म्हणाला. “बाया काई येत न्हाईत.”

“बाजार उठला न्हाई अजून, भाऊजी,” जिवनबाई म्हणाली आणि हिरव्या बांगड्यांच्या माळा फडक्याने पुसू लागली. सकाळपासून तिने त्या इतक्यांदा पुसल्या होत्या की काच झिजायचीच बाकी होती.

कळमनुरीच्या बाजारात कासारांची ही एवढीच गल्ली. एका बाजूला ग्यानबाचं पाल, समोर त्याच्या थोरल्या भावाची ही विधवा. नवरा होता तेव्हा दोघं मिळून बसायची. म्हणजे नवरा आल्यागेल्याशी गप्पा हाणायचा आणि बांगड्या भरायची जिवनबाई. आसपासच्या गावांतल्या लेकीसुनांचे हात तिला त्यांच्या चेहऱ्यांपेक्षा ओळखीचे होते. नवरा गेला आणि त्याच बाया तिची नजर चुकवून समोर जाऊन बसू लागल्या. रिकाम्या मनगटाच्या बाईकडून चुडा कसा भरून घ्यायचा? बायको तर ग्यानबाचीही वारली होती, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पुरुषाचं मनगट आधीपासूनच मोकळं, त्याचं काय गेलं ते दिसणार तरी कसं!

शेवटी जातीतल्या जाणत्यांनी न्याय केला. न्यायच म्हणायचा, दुसरं काय! आजच्या बाजारात एकाही सवाष्णीने जिवनबाईकडून चुडा भरून घेतला नाही, तर तिची पेटी, ही जागा आणि फिरतीची गावं ग्यानबाची. जिवनबाईने त्याच्या घरी राहावं, भाकरी थापाव्यात आणि दोन वेळ जेवावं. ग्यानबा काही दुष्ट नव्हता, त्याने तिला उपाशी ठेवलं नसतं. पण तिला तिचं काम हवं होतं. एवढी साधी गोष्ट सांगितली की लोक तिची कीव करत आणि तिला भयंकर राग येई.

दुपारी डोंगरकडा गावच्या अनुसयाबाई आल्या. बरोबर सून शालू, सातव्या महिन्यातली. तिला हिरवा चुडा भरायचा होता. अनुसयाबाईंच्या दोन्ही लेकींच्या लग्नातला चुडा जिवनबाईनेच भरला होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पदर पुढे ओढला आणि ग्यानबाच्या पालात जाऊन बसल्या. जिवनबाई पुन्हा माळा पुसू लागली.

शालूचा हात शेतात राबलेला, हाडापेराने रुंद. ग्यानबाने बांगडी घेतली आणि सरळ दाबली. ती कटकन फुटली. दुसरीही फुटली, आणि शालूच्या अंगठ्यापाशी रक्त आलं.

“वाढली, वाढली,” अनुसयाबाई घाईने म्हणाल्या. बांगडी फुटली असं सवाष्ण म्हणत नाही.

“सायबाच्या लढाईपायी काचच ठिसूळ येऊन राहिली,” ग्यानबा म्हणाला. “अन् हात म्हणावं का पाटा? ढिला सोड की, पोरी!”

“भाऊजी, हळू!” जिवनबाईला राहवलं नाही. “दुखलं की हात आकसतो. तिला बोलतं करा आधी.”

“तुमी गप बसा, वैनी.”

शालूने मात्र आपला हात काढून घेतला. पोट सावरत उठली, गल्ली ओलांडली आणि जिवनबाईच्या समोर येऊन बसली.

“अगं, तिथं नगं!” अनुसयाबाई मागोमाग आल्या. “भरल्या पोटाची हायेस तू.”

“म्हणूनच की, आत्याबाई. दुखून राहिलं मला,” शालू म्हणाली आणि हात पुढे केला.

जिवनबाईने तो घेतला. आधी रक्त पुसलं, मग तेलाचं बोट लावून तळवा चोळत बसली.

“माहेर कुठलं गं लेकरा?”

“सिद्धेश्वर.”

“घरी कोण कोण हाय?”

“आई हाय. धाकटा भाऊ हाय. लई खोडील हाय तो, मागल्या पंचमीला त्यानं...”

भावाच्या खोड्या सांगता सांगता शालू हसू लागली आणि एकेक बांगडी मनगटावर जाऊन बसली. अनुसयाबाई उभ्याच होत्या. डावा हात भरला, उजवा भरत आला. जिवनबाईने शेवटची बांगडी चढवली, ती अंगठा ओलांडून पुढे सरकली आणि कट् झाली.

गल्लीतल्या बाया वळून पाहू लागल्या. जिवनबाई तुकडे मुठीत धरून बसली. पेटी गेली, जागा गेली, सगळं गेलं असंच तिला वाटलं.

“म्या म्हनलं व्हतं!” ग्यानबा पालातून उठला. “विधवेच्या हातचं आसंच व्हायाचं!”

अनुसयाबाईंनी सुनेच्या हाताकडे पाहिलं. भरलेल्या बांगड्यांखाली नवा ओरखडाही नव्हता. मग त्या ग्यानबाकडे वळल्या.

“काहून ओरडायलेत? तुमच्या हातनं दोन वाढल्या, तवा कुणी काई म्हनलं का तुमाला? तुमची कारभारीण न्हाई, ते तरी कुणी काढलं का?” त्या जिवनबाईजवळ टेकल्या. “वाढली एक. दुसरी भर, बाई.”

जिवनबाईने दुसरी घेतली. ती अलगद गेली.

बांगड्या भरून झाल्या की कासाराला नमस्कार करायची रीत आहे. शालू जड अंगाने वाकली, तशी जिवनबाईने पाय लुगड्यात ओढून घेतले. नवरा गेल्यापासून कुणी तिच्या पाया पडलं नव्हतं. लग्नकार्यात तिला मागच्या पडवीत बसवत.

“नगं लेकरा. ऊठ.”

“तसं कसं?” अनुसयाबाई म्हणाल्या. “तोंडानं म्हण की काईतरी.”

शालू वाकलेलीच होती. जिवनबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“जन्मसावित्री हो,” ती म्हणाली, आणि गल्लीभर ऐकू गेलं.

शालू उठली. अनुसयाबाईंनी पदर खोचला आणि स्वतःचा हात पुढे केला. “माझ्याबी दोन कमी हायेत. भर.”

मागे आणखी दोघीजणी येऊन बसल्या. जिवनबाई पेटीत हात घालून माळ शोधू लागली. अनुसयाबाईंचं माप तिला पाठ होतं, पण डोळे भरून आल्यामुळे माळ सापडेना.