रखमेच्या पदराला बांधलेले पत्रक

मित्रांनो, मी एक जुना छापील कागद आहे. लोक मला पत्रक म्हणत. आज मी अर्धाच उरलो आहे, पण माझी हकीकत मी मान ताठ ठेवून सांगतो.

१९२७ साली मुंबईच्या एका लहान छापखान्यात माझा जन्म झाला. कागद हलका, गुलाबी. महाडला अस्पृश्यांची परिषद भरणार होती. तिचे ठिकाण आणि तारीख माझ्या वरच्या भागात होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव झाला आहे, हे खाली होते.

गिरणीत काम करणारा सहदेव शिमग्याला गावी निघाला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत बसून मी पोलादपूरजवळच्या एका डोंगरवाडीत आलो. त्याची थोरली बहीण रखमा तिथल्या महारवाड्यात राहायची. विहिरीपासून दूर उभी राहून, कुणी घागरीत पाणी ओतेल म्हणून ती दुपारभर वाट पाहायची. तिला अक्षर येत नव्हते. सहदेवने मला वाचून दाखवले.

"परत वाच रे," ती म्हणाली.

त्या दिवशी त्याने मला पाच वेळा वाचले. सहाव्या वेळी ती त्याच्या आधीच बोलू लागली.

सहदेव तापाने पडला, तेव्हा पलीकडच्या वाडीत परिषदेचा निरोप न्यायला मला घेऊन रखमाच निघाली. वाटेत गावचा मोठा शेतकरी येसाजी आडवा आला.

"काय गो, हातात काय हाय?"

"कागद हाय, पाटील. महाडच्या सभेचा."

"असले कागद इथं फिरवायचे नाय. आण इकडं."

त्याने मला धरून ओढले. रखमेने बोटे सोडली नाहीत. मी मधोमध फाटलो. वरचा तुकडा त्याने चुरगळून ओढ्यात फेकला. खालचा तुकडा तिने पदराच्या टोकाला बांधला आणि पुढची वाट धरली.

पलीकडच्या वाडीत मुरारी नावाचा पेन्शनीत निघालेला शिपाई होता. पलटणीत तो वाचायला शिकला होता. माणसे जमली. त्याने मला उलटून पाहिले.

"यात ना ठिकाण, ना दिवस. एवढी माणसं कशाच्या भरवशावर न्यायची, रखमाबाय?"

"मला सगळं तोंडपाठ हाय. मी बोलते, तुम्ही कागदावर बोट ठेवा."

ती बोलू लागली. वरचा गेलेला भाग बोलली, मग खालचा. मुरारीचे बोट माझ्या ओळींवरून सरकत होते. माझ्या शेवटच्या ओळीपर्यंत एक शब्दही चुकला नाही. मुरारीने बोट उचलले.

"हाय तेवढं बिनचूक हाय," तो म्हणाला. "मग गेलेलंबी बिनचूकच असणार. भाकऱ्या बांधा."

त्या वाडीतून एकोणीस जण पायी महाडला गेले. मीही रखमेच्या पदरात होतो. परिषद झाल्यावर सारे लोक चवदार तळ्याकडे निघाले. रखमा पायऱ्या उतरली, ओंजळ भरली आणि प्याली. पदर भिजला, माझा गुलाबी रंग उतरला. त्याचे मला आजही काही वाटत नाही.

त्या दिवशी आमच्या माणसांवर सवर्णांच्या काठ्याही पडल्या. मुरारीचा खांदा सुजला. रखमेने विचारले, "तुम्हाला इथं आणलं म्हणून राग नाय ना?"

"पुढच्या सभेचा कागद आला की आधी मला सांग," तो म्हणाला.

पुढे रखमा सहदेवकडून अक्षरे शिकली, ती माझ्यावरच. तिने आपल्या आपण ओळखलेला पहिला शब्द होता 'सर्वांना'. तो लावल्यावर तिने त्यावर बोट ठेवून तो पुन्हा मोठ्याने वाचला. मोठमोठी पुस्तके कपाटात मानाने बसतात. मला हा मान पुरला.

मित्रांनो, आता मी तिच्या नातवंडांच्या पेटीत आहे. घड्यांवर विरलो आहे. असा एखादा पिवळा, फाटका कागद तुमच्याही घरात निघेल. तो चुलीत घालू नका. त्याला वाळवीपासून जपा, ओल लागू देऊ नका. आणि अधूनमधून बाहेर काढून, ज्याला वाचता येत नाही त्याच्या शेजारी बसून, तो मोठ्याने वाचा.