लंकाबाईच्या बिनधुराच्या रिक्षाची बॅटरी

मी एक जुनी बॅटरी आहे. जुनी म्हणजे किती, तर जेमतेम तीन वर्षांची! तीन वर्षांच्या गाईला कुणी म्हातारी म्हणतं का? पण माझ्या नशिबी ते आलं. मित्रांनो, आज मी जरा चिडूनच बोलणार आहे. ज्यांना गोड गोष्ट ऐकायची असेल त्यांनी खुशाल उठून जावं.

माझा जन्म कारखान्यात झाला असं तुम्हाला वाटेल. साफ चूक! कारखान्यात मला नुसतं जोडलं. माझ्या पोटात कोबाल्ट नावाचा धातू आहे. तो आला आफ्रिकेतल्या काँगो देशातून. तिथे मोठमोठी यंत्रं आहेत, तशी हातानं खणणारी माणसंही आहेत. माझ्या वाट्याचा दगड एका माणसानं विहिरीहून अरुंद भोकात उतरून, पहार मारमारून काढला. वर त्याची बायको गुडघाभर गढूळ पाण्यात उभी राहून तो धुवायची, पाठीला झोळीत लेकरू. तिची बोटं सोलून निघाली होती, तळव्यांना भेगा पडल्या होत्या. ते हात मला अजून आठवतात. तिचं नाव मात्र मला माहीत नाही. पोत्यावर खणणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत नाही ना! ते पोतं समुद्रापार गेलं, दगड वितळला, गाळला गेला, आणि शेवटी चकचकीत निळ्या पेटीत बंद होऊन मी खर्डा गावी आले. पेटीवर हिरवं पान काढलं होतं. ज्या रिक्षात मला बसवलं तिच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'धूरमुक्त'.

रिक्षा होती लंकाबाईची. ती आणि तिचा नवरा गोरक्षनाथ दरवर्षी दसरा झाला की ऊस तोडायला जायचे. दोघांचा मिळून एक कोयता. आमच्याकडे ऊसतोडीच्या नवरा-बायकोला 'एक कोयता' असंच मोजतात, म्हणजे माणसाचं नाव तिथेही लागत नाही. त्यांची मुलगी निकिता बरोबर जायची आणि तिची शाळा सहा-सहा महिने बुडायची. बचत गटातून रिक्षा मिळाली त्या दिवशी लंकाबाईनं कोयता आढ्याला खोचला. "आता ह्यो खाली यायचा न्हाई," ती म्हणाली. "निकी धावी पास होईस्तवर तर न्हाईच न्हाई."

केवढी जबाबदारी माझ्यावर आली बघा! पण मी कधी कुरकुर केली नाही. एसटी स्टँडपासून किल्ला, किल्ल्यापासून शाळा, दवाखाना, आठवडी बाजार, दिवसभर माझ्या खेपा चालायच्या. लोक म्हणायचे, "लंकाबाई, लई भारी गाडी! ना आवाज, ना धूर." एक गुरुजी तर रिक्षात बसले की पर्यावरणावर भाषणच द्यायचे. मला असा राग यायचा! अहो, धूर इथं नाही म्हणजे कुठंच नाही का? आपल्या अंगणातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटला की झालं अंगण स्वच्छ? पण करणार काय, बॅटरीला तोंड नसतं.

माझं बोलणं शेवटी निकिताच्या तोंडून बाहेर आलं. ती आठवीत असताना शाळेतल्या बाईंनी प्रकल्पाला विषय दिला, 'विजेवर चालणारी वाहने'. मोबाईलवर वाचता वाचता पोरीचा चेहरा उतरला. तिनं आईला खाणींचे फोटो दाखवले. रिक्षाच्या सीटवर बसून लंकाबाईनं त्यातल्या एका दगड धुणाऱ्या बाईचे हात बोटांनी मोठे करून बघितले.

"म्हंजे तिकडं बी कोयताच हाय म्हन की," ती म्हणाली.

"मी लिहिनार हाय, ह्या गाड्या बंदच करा म्हनून!" निकिता फणकारली.

"लिही. लिहायला काय जातंय? गाडी बंद झाली की मी चालले उसाला, आन् तू चाललीस मोळ्या बांधायला. त्या बाईचं काय भलं झालं त्यात? तिला नीट मजुरी कोन देनार, तिच्या लेकराला साळंत कोन घालनार, ते लिही की."

"मग आपन काय करायचं, आई?"

"मला काय ठावं बाई! माझ्या हातात यवढंच हाय. तिनं मरमर करून काढलंय ते वाया जाऊ द्यायचं न्हाई."

त्या दिवसापासून लंकाबाई मला तान्ह्या लेकरासारखं जपू लागली. रिक्षा लिंबाखालीच लावायची, पेटी रोज कोरड्या फडक्यानं पुसायची. मला वाटलं, आपण आठ वर्षं सहज काढू. निकिताची दहावी काय, बारावीही होईल.

आणि मग मध्ये आला भागवत! भागवत म्हणजे लंकाबाईचा धाकटा दीर. माणूस सोन्यासारखा, कुणाच्याही मदतीला धावणारा, पण स्वतःला काही येत नाही हे त्याला कधी पटलंच नाही. पंधरा वर्षं ट्रॅक्टर चालवलेला. ट्रॅक्टरच्या बॅटरीत अधूनमधून पाणी टाकायचं असतं, हे त्याच्या अंगात भिनलेलं. माझ्या जातीच्या बॅटरीत मात्र पाण्याचा थेंबही जाता कामा नये. तिसऱ्या उन्हाळ्यात मी जरा लवकर दमू लागले. उन्हाच्या तडाख्यात आम्ही दमतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण भागवतनं पेटीवर टिचकी मारून विचारलं, "वहिनी, हिच्यात पानी कवा टाकलं हुतं?"

"पानी? कवाच न्हाई."

"तीन वर्सं कोरडी ठिवली? अवं, मंग ती जगंल कशी!"

"भावजी, शोरूमला इचारून बघू का?"

"त्यात काय इचारायचं? माझा जनम गेला बॅटऱ्यात!"

तो इतकं छातीठोक बोलल्यावर लंकाबाईनं विचारायचं सोडून दिलं. तिनं तेव्हा हट्टानं विचारायला हवं होतं. माझ्या झाकणावर 'उघडू नये' असं लिहिलं होतं, पण ते इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. खर्ड्यात विकायची तर मराठीत लिहायला काय धाड भरली होती? भागवतनं स्क्रू काढले आणि बाटलीभर पाणी माझ्या पोटात ओतलं. मी फसफसले, तडतडले. मग पेटीतून धूर निघाला. धूरमुक्त रिक्षातून धूर! सगळे लांब पळाले. गोरक्षनाथनं घमेल्यांनी वाळू टाकली तेव्हा कुठे मी निवले. भागवतनं कपाळावर हात मारला.

शोरूमवाल्यानं लांबूनच मान हलवली. "झाकण उघडलंय. आमची जबाबदारी संपली. नवीन बसवा." नवीन! जणू मी बांधावरच्या झाडाला लागते! नवीन बॅटरी लंकाबाईच्या आवाक्यातली नव्हती, आणि ती कुणाच्या हातांतून येते हे त्या माणसानं जन्मात विचारलं नसेल. पुढे भंगारवाला आला, हातोड्यानं फोडून तांबं काढतो म्हणाला. लंकाबाईनं त्याला दारातूनच हाकललं. मग तिनं मला कर्जतला पंकजकडे नेलं. तो जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करतो. हातमोजे घालून त्यानं माझा एकेक सेल तपासला.

"मावशी, निम्म्याच्या वर गेलेत," तो म्हणाला. "ते मी धातू परत काढनाऱ्या कारखान्याला पाठवतो. ऱ्हायलेल्यांवर रिक्षा न्हाई पळायची. दिवा जळंल."

दसरा झाला आणि लंकाबाईनं आढ्याचा कोयता खाली काढला. निकिता नववीत होती. तिनं दप्तर गोणीत भरलं.

आता मी उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या झोपडीत, मेढीच्या खांबाला टांगलेला एक छोटा दिवा आहे. ज्या कोयत्यातून या बाईला सोडवायला मी आले, त्याला धार लावायला आता माझाच उजेड लागतो. संताप होतो माझा! माझ्यात अजून पाच वर्षांचं बळ होतं हो!

मित्रांनो, मोठे झालात की विजेची गाडी जरूर घ्या, पण नुसता धूर बघून खूश होऊ नका. दगड कुणी काढला, त्याला पोटभर मिळालं का, गाडी मोडली तर ती दुरुस्त कोण करणार, असं विचारून विकणाऱ्याला भंडावून सोडा. आणि जे ठाऊक नाही त्याला हात लावण्याआधीही विचारा. विचारल्यानं कुणाचा मान जात नाही.

काल निकिता माझ्या उजेडात पुस्तक वाचत होती. खाली उतरवताना मी तिच्या हातून निसटले. लंकाबाईनं झेप घेऊन मला वरच्या वर धरलं. उसाच्या पात्यांनी चिरलेली बोटं, भेगाळलेले तळवे. क्षणभर मला वाटलं, मी परत त्या गढूळ पाण्यात आहे.

"जपून गं, निके," लंकाबाई म्हणाली. "त्या बाईच्या कष्टाचं आता यवढंच उरलंय."