यंत्राची कवळी

बस अर्धा तास थांबणार होती. आत्या पाण्याची बाटली घेऊन एटीएमच्या काचेच्या खोलीत शिरली, तेव्हा भाचीच्या हातात नोटा आलेल्या होत्या.

"माझं झालं. तू काढ पटकन, पोटात कावळे ओरडताहेत."

आत्याने बाटली यंत्रावर ठेवली. तिचं काम कवळ्या बनवण्याचं, तीस वर्षांचं. कार्ड घालण्याआधी तिची बोटं आपसूक यंत्राच्या तोंडावरून फिरली. डावीकडे केसभर फट लागली.

"आत्या, ते यंत्र आहे. त्याला कवळी नाही लागत."

"बसवलीय कुणीतरी. आणि माप चुकलंय."

तिने तोंडाची हिरवी पट्टी जरा हलवली. ती अख्खी हातात आली. मागे बारीक तारा आणि चपटी बॅटरी. खाली यंत्राचं खरं तोंड, जुनं, ओरखडे पडलेलं.

"आकडे दाबताना वर हात धरला होतास?"

"कशाला? आत मी एकटीच तर होते."

आत्याने मान वर केली. आकड्यांच्या बरोबर वर टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं, आत कॅमेऱ्याची काच.

भाचीचा चेहरा पांढरा पडला. तिच्या खात्यात कॉलेजची फी होती. बाबांनी तीन वर्षं साठवलेली, उद्या भरायची.

बाहेर पायरीवर एक माणूस मघापासून मोबाईल बघत बसला होता. आता तो मोबाईल बघत नव्हता.

"तिकडे बघू नकोस," आत्या हळूच म्हणाली. "माझ्यामागे उभी राहा. पावती शोधतेयस असं दाखव."

"ती पट्टी घेऊन पळू या ना!"

"मग तो आपल्या मागे पळेल. तुझ्या कार्डाची नक्कल या पट्टीत आहे, बाळा. ही त्याच्या हाती लागली नाही, तर नुसत्या आकड्यांचं तो काय लोणचं घालणार?"

तिने पिशवीतून कामाच्या गोंदाची ट्यूब काढली. पट्टीला मागून गोंद लावला, ती जागेवर बसवली आणि दाबून धरून मनात वीस मोजले. उरलेला गोंद कार्डाच्या फटीत पिळला. आता कुणाचंच कार्ड आत जाणार नव्हतं.

त्या दोघी दारात आल्या तसा तो माणूस उठून उभा राहिला. "काय काकू, पैसे आहेत का?"

"कुठले हो. कार्डच घेत नाही मेलं."

बसमध्ये भाचीने कार्डामागचा नंबर लावला. फोनवर कुणीतरी पुन्हा पुन्हा थांबायला सांगत होतं. खिडकीतून काचेची खोली दिसत होती. तो माणूस दोन्ही हातांनी पट्टी ओढत होता. मग तो थांबला आणि नुसता पाहत राहिला.

"कार्ड बंद केलंय, मॅडम," फोनवरची बाई अखेर म्हणाली. "पैसे खात्यात आहेत. फी बँकेत जाऊन भरा."

भाची रडायलाच लागली. आत्याने तिला डाव्या हाताने जवळ घेतलं. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांना घट्ट चिकटले होते, म्हणून तो हात तिने पिशवीखाली लपवला होता.

ड्रायव्हरची जागा अजून रिकामीच होती.

खिडकीवर टकटक झाली. खाली पायरीवरचा तोच माणूस उभा होता.

"काकू, तुमची पाण्याची बाटली आत राहिली."

आत्याने डावा हात पुढे केला.

"उजव्या हाताला काय झालं?" त्याने आपुलकीने विचारलं.

बाटली देऊन तो बसच्या पुढे गेला आणि त्याने तिच्या कपाळावरची पाटी सावकाश, शेवटच्या गावापर्यंत वाचली.