पट्टीतला परवा

"मुलाखत होऊन गेली गं वहिनी! परवाच!"

नणंद लॅपटॉपसमोर बसून रडत होती. इस्पितळाच्या नोंदणी विभागातली जागा. घटस्फोटानंतर स्वतःच्या पायावर उभं राहायची पहिली संधी. उत्तर येईना म्हणून रुसून तिने आठ दिवस ईमेल उघडलीच नव्हती. आज उघडली, तर पत्रात वेळ, पत्ता, कागदपत्रं सगळं होतं. तारीख मात्र ईमेलने आपणहून वर काढलेल्या मुलाखतीच्या पट्टीत, आणि पट्टीत एकच शब्द: परवा.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला तेवढंच येतं.

थोरल्या जाऊबाई हात पुसत आल्या. पंचवीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेली बाई. औषधाच्या खोक्यावरचा मजकूरही दुरुस्त केल्याशिवाय खोकं टाकत नाही. कपाळावरचा चष्मा त्यांनी नाकावर ओढला.

"गेलेला परवा की येणारा?"

नणंदेचा हुंदका अर्ध्यातच थांबला. "मशीन चुकेल का, मोठ्या वहिनी?"

"मशीन नाही गं, त्याला मराठी शिकवणारा चुकलाय. 'झाली' की 'आहे', एक क्रियापद टाकायला काय झालं होतं मेल्याला?"

संगणकाशी त्यांचं जेमतेम बोलणं. पण सेटिंगमध्ये शिरल्या आणि पडद्यावर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचत सुटल्या, मुद्रित वाचावं तशा. 'तारीख शब्दांत' सापडलं. ते 'आकड्यांत' केलं. पट्टीत आलं: 06/08.

"सहा ऑगस्ट?" नणंद उजळली. "म्हणजे दोन महिने आहेत की!"

"परवा दोन महिन्यांवर कसा असेल? आठ जून असणार, पण अक्षरांत बघितल्याशिवाय मी मानायची नाही. हा तर पहिल्यापेक्षा लबाड निघाला."

पुन्हा आत. मी कधीच कंटाळून उठले असते. त्यांची मान हलली नाही. शेवटी 'वारासह, महिना अक्षरांत' मिळालं आणि पट्टीने निमूट कबुली दिली: शनिवार, ८ जून.

आज गुरुवार होता.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. जाऊबाईंचं लक्षच नव्हतं. दोन बोटांनी त्या ईमेलवाल्यांना पत्र लिहीत होत्या: 'आमचा परवा दोन्हीकडे जातो. कुठला ते लिहावे.'

नणंद हसली, आणि लगेच तिचा चेहरा उतरला. "दोनच दिवस? माझी काहीच तयारी नाही!"

जाऊबाईंनी खुर्ची ओढून तिच्यासमोर ठेवली, ताठ बसल्या.

"मी साहेबीण. बोला बाई, याआधी काय करत होता?"