हेस्टरच्या दगडावरचा थिसलमायर

मी थिसलमायर बोलतोय. माणूस नव्हे, आडनाव. यॉर्कशरच्या एका दरीत, काटेरी झुडपांच्या दलदलीकाठी माझा जन्म झाला. तिथल्या रॉजरला करवसुलीच्या कारकुनाने विचारलं, "कुठला रे तू?" त्याने दलदलीकडे बोट दाखवलं. झालं! थिसल म्हणजे काटेरी झुडूप, मायर म्हणजे दलदल; तो चिखल त्याच्या पोराबाळांना कायमचा चिकटला.

मी पसरलो, पण डोंगरापर्यंतच. एक जण पलीकडे लँकशरला राहायला गेला, तर त्याच्या आईने सुतकाचे काळे कपडे शिवले. पुढे अख्खी दरीच थिसलमायर झाली आणि मला कोणी हाक मारीना. बटाट्या जॅक, बहिरा टॉम, असंच चालायचं. फार वाईट वाटायचं.

मग मुली परगावी लग्न करून नवऱ्यांची आडनावं लावू लागल्या. मुलगे मेंढ्यांमागे बिनलग्नाचे म्हातारे झाले. उरली एकटी हेस्टर. आणि साठी उलटल्यावर ही बाई अल्बर्ट डॉब्सशी लग्न करायला निघाली! ती डॉब्स झाली की मी संपलो.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं वाचून, कुणाची हरकत आहे का, असं विचारतात. माझी होती हो! पण आडनावाला तोंड कुठलं?

तिसऱ्या रविवारी हेस्टरच उठली. "माझी आहे."

"अहो, तुम्ही नवरी आहात!" पाद्रीसाहेब दचकले.

"म्हणूनच. चर्चमागे माझ्या थडग्याचा दगड तयार उभा आहे. 'हेस्टर थिसलमायर' कोरलेला. मरायचं तेवढं बाकी आहे. आता तो काय चीज दाबायला वजन म्हणून ठेवू?"

"खरवडून घे की," अल्बर्ट पुटपुटला.

"चांगला दगड खरवडू? तुझं नाव कुठे कोरलंय का?"

"नाही बुवा."

"मग तूच बदल."

अल्बर्टने टोपी चुरगळली. "लोक हसतील गं. बरं, त्या दगडावर माझ्यापुरती जागा आहे का?"

"कोरायला दिला तेव्हाच सोडलीये, मठ्ठ माणसा. दहा वर्षं झाली."

अल्बर्टने भर चर्चमध्ये नाक शिंकरलं आणि मान डोलावली.

आता आम्ही तिघं सुखात आहोत. मूलबाळ होणार नाही, हे मला कळतं. पण अल्बर्ट बाजारात निघाला की टवाळ म्हातारे ओरडतात, "काय थिसलमायर, बायकोने सोडलं का बाहेर?" तो लाजून लाल होतो. आणि इतक्या शतकांनी भर रस्त्यात हाक ऐकून मी फुलतो. बाबांनो, तुम्हीही भेटलात तर चिडवा त्याला. जरा मोठ्याने.