एवारिस्तोचं नाक

ला पातेर्नाल भागात एवारिस्तो बास्ताराच्या नाकाचा दबदबा होता. लोक बंद पडलेली गाडी ढकलत आणायचे आणि हा बॉनेटही न उघडता, नुसतं हुंगून सांगायचा, "क्लच जळलाय." चाळीस वर्षं त्याने आपल्या गॅरेजात नाकाच्या जोरावर संसार ओढला. आता तिथं त्याची लेक नोएलिया वाइन बनवते. मेंदोसाहून द्राक्षांचे ट्रक येतात, गाड्या वर चढवायच्या जागी पिंपं आहेत, आणि भिंतीवरचे ऑइलचे डाग मात्र काही केल्या निघत नाहीत.

पण ते नाक दोन हिवाळ्यांपूर्वी तापात गेलं ते गेलंच. कॉफी काय, कांदा काय, सगळं त्याला सारखंच. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणत्या तोंडाने? पोरगी येईल त्याला फुशारकीने सांगायची, "माझं नाक पापावर गेलंय."

वाइनमध्ये त्याला आता एकच गोष्ट कळायची, सोड्याची चुरचुर. त्याच्या वयाचे सगळेच वाइनमध्ये सोडा घालत, पण हा जरा जास्तच. अर्धा पेला झाला की सोड्याच्या बाटलीचा दट्ट्या दाबून फस्सकन सोडा! नोएलियाला वाटे, माझी वाइन म्हाताऱ्याच्या घशाखाली नुसती उतरतच नाही. ती त्याच्या पेल्याकडे बघायचीही नाही.

शनिवारी दुपारी वाइन चाखायला दहाजण येणार होते. नोएलियाने सकाळीच सोड्याची बाटली कपाटात कोंडून कुलूप घातलं.

"पापा, आज सोडा बंद. तीन पिंपांतली वाइन आहे. तुला आवडेल तिच्यावर तुझं नाव छापणार. सोमवारी लेबलं छापायला जातायत."

"अगं, मला काय कळतंय त्यातलं? पाहुण्यांना विचार की."

"त्यांची नावं नाही छापायची मला. आणि उगाच गोडगोड बोलायचं नाही. खरं सांगायचं."

भलत्याच वाइनवर बोट ठेवलं, तर पोरीच्या वर्षभराच्या मेहनतीचं वाटोळं, आणि तेही बापाच्या नावाने!

मग त्याने शक्कल लढवली. दुपारी आलेल्या पाहुण्यांत दाताचे डॉक्टर क्यापे सगळ्यांत जास्त बडबड करत होते. हा नेमका त्यांच्याशेजारी जाऊन बसला.

पहिली वाइन आली. डॉक्टर पेला गरगर फिरवून पुटपुटले, "आलुबुखार... मागून जरा चामडं."

"चामडं!" एवारिस्तो मोठ्याने म्हणाला. "नव्या गाडीच्या सीटचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. समोरच्या चष्मेवाल्या बाईंनी तर वहीत लिहून घेतलं.

दुसरीला डॉक्टर म्हणाले, "मिरी."

"मिरीच! आत्ता कुटलेली." बाईंनी तेही लिहिलं. एवारिस्तोला आता चांगलाच चेव चढला.

तिसरी ओतली आणि नेमका डॉक्टरांचा फोन वाजला. ते बाहेर गेले. एवारिस्तोने घोट घेतला. पाण्यात आणि त्यात काही फरक असेल तर शपथ! त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळे पेल्यात नाक घालून गप्प झाले होते. कुणी डोळे मिटले, कुणी पेला हळूच खाली ठेवला. माणसं भारावलीत, त्याने ताडलं. तो उठून उभाच राहिला.

"हीच! हिच्यावर छाप माझं नाव. असला वास मी जन्मात घेतला नव्हता!"

डॉक्टर आत आले, पेला नाकाशी नेला आणि ओरडले, "अरे देवा! भिजलेलं कुत्रं! या बाटलीचं बूच सडलंय."

नोएलियाने घाईत ती बाटली न हुंगताच ओतली होती. आता तिने हुंगली आणि तिचा चेहरा लालबुंद झाला.

"पापा, चेष्टा करतोयस? एवढ्या लोकांसमोर?"

हो म्हटलं असतं तर नाकाची अब्रू वाचली असती. पण पोरीचे डोळे भरून आले होते, आणि ते काही त्याला बघवेना.

"चेष्टा नाही गं. मला वासच येत नाही. त्या तापापासून."

"दोन वर्षं? आणि मग तो सोडा?"

"तेवढाच जिभेला कळतो. बाकी काहीच कळत नाही. तू केलीयस म्हणून पितो."

चष्मेवाल्या बाईंनी वही पुढे केली. "मग ते चामडं?"

"डॉक्टरांचं."

"आणि मिरी?"

"तीही त्यांचीच. कुटली तेवढी मी."

नोएलिया आत निघून गेली. बिघडलं सगळं, एवारिस्तोने मनात म्हटलं. तेवढ्यात कुलपाचा खट्ट आवाज आला. ती आली तेव्हा एका हातात तिसऱ्या पिंपाची दुसरी बाटली होती आणि दुसऱ्या हातात सोड्याची. तिने वाइनचं बूच काढलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग बापाचा पेला अर्धा भरला आणि स्वतःच्या हाताने दट्ट्या दाबला.

"सांग आता."

त्याने घोट घेतला. "मस्त चुरचुरतीय. पण पोरी, तुझं नाक काय म्हणतंय?"

"हीच म्हणतंय."

"मग झालं तर."

सोमवारी लेबलं छापायला गेली. एवारिस्तोच्या नावाखाली बारीक अक्षरांत तिने एक ओळ घातली होती: सोडा घालून प्यावी.